कोणीच न पाठवलेला संदेश

१

ताईची किडनी मरत होती, आणि ताई स्वतः वॉर्डाबाहेरच्या लोखंडी बाकावर ताठ बसून होती. ती किडनी आता तिची नव्हतीच म्हणा. लेकाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तिने आपलं एक काढून त्याला दिलं होतं. आज ते त्याच्या पोटात शेवटच्या घटका मोजत होतं.

"माझ्याकडे द्यायला दुसरी नाही गं," मला पाहताच ती म्हणाली. ना ये, ना बस.

शेजारी माझी भाची उभी होती, ताईची थोरली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "मावशी, माझी जुळतेय. सगळ्या तपासण्या झाल्या. मी द्यायला तयार आहे, पण डॉक्टर घ्यायला तयार नाहीत."

मी डॉक्टरांच्या खोलीत घुसले. भांडायच्या तयारीने गेले होते, पण माणूस उर्मट नव्हता, नुसता थकलेला होता. त्यामुळे भांडताही येईना.

"तुमच्या भाच्याने गोळ्या स्वतःहून सोडल्या," ते म्हणाले. "महिनाभर एकही घेतली नाही. दुसऱ्याची किडनी शरीरात टिकवायची तर त्या जन्मभर घ्याव्या लागतात, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आईची त्याने अशी घालवली. आता धडधाकट बहिणीच्या पोटावर सुरी चालवून तिचीही त्याला लावू? आणि उद्या तीही घालवली तर?"

"तो म्हणतो, मोबाइलमधल्या गोळ्यांच्या अ‍ॅपनेच सांगितलं, आता बंद करा म्हणून."

"सगळे काही ना काही म्हणतात. मी कंपनीला विचारलं. असा एकही संदेश गेलेला नाही, असं त्यांनी लिहून दिलंय." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शुक्रवारी आमची समिती बसते. तोवर काही ठोस आणलंत तर बघू. डायलिसिस त्याला झेपत नाहीये, दर वेळी रक्तदाब कोसळतो. शुक्रवारनंतर आणून उपयोग नाही."

मी विमा कंपनीत दावे तपासण्यात हयात घालवली आहे. गोदामाला स्वतःच काडी लावून ऊर बडवणारे व्यापारी मी पाहिलेत, आणि चालता पाय लंगडा करून दाखवणारेही. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला वाटलं, पोरगं खोटं बोलतंय.

भाचीने माझा चेहरा वाचला. "तूसुद्धा, मावशी?" एवढंच म्हणाली ती.

२

भाचा पलंगावर उशीला टेकून बसला होता. तोंड सुजून डोळे बारीक झालेले, हाताला नळ्या. नोकरीच्या गावी एकटाच खोली घेऊन राहायचा, म्हणून महिनाभर घरात कोणाला पत्ता लागला नाही. सुट्टीत आला तेव्हा ताईने त्याचा चेहरा बघितला आणि तिच्या हातातली कपबशी खाली पडली.

"पहिल्यापासून सांग," मी म्हणाले. "आणि मला मावशी समजू नकोस. मी विम्याची बाई आहे."

"म्हणजे आणखीच वाईट," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने, जमला नाही.

रविवारची संध्याकाळ होती. त्याने अ‍ॅप उघडलं, तर पडद्याच्या मधोमध एक चौकोन उमटला. वरून रंगीत कागदाचे तुकडे पडायला लागले. चौकोनात लिहिलं होतं, 'शाब्बास! तुमचा औषधांचा कोर्स पूर्ण झाला. आता गोळ्यांना टाटा करा!' खाली एक मोठं बटण, 'आनंद झाला!' आणि कोपऱ्यात बंद करायची फुली.

"आणि तू विश्वास ठेवलास? जन्मभराच्या गोळ्या, आणि टाटा?"

"मावशी, डोस कमी-जास्त झाला की तो त्याच अ‍ॅपमध्ये येतो. डॉक्टर इथून बदलतात, तिथे दिसतं. आदल्याच आठवड्यात तपासणी झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, रिपोर्ट फार छान आहेत, एक गोळी कमी करू, अ‍ॅपमध्ये येईल. मला वाटलं…" त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "मला वाटलं, मी बरा झालो. खोलीत एकटाच नाचलो. गोळीच्या वेळेचा गजरही बंद करून टाकला. आईला फोनवर सांगणार नव्हतो, सुट्टीत समोर बसवून सांगणार होतो."

मी फोन मागितला. काळा, जरासा जाड, पाठीवर बोटाला चिकट लागत होतं. अ‍ॅपमध्ये मागचे संदेश सापडेनात.

"ते राहत नाहीत," तो म्हणाला. "बटण दाबलं की गायब. आणि तसंही हे अ‍ॅप अधूनमधून खुळ्यासारखं करायचं. एकदा नुसतं 'अबक अबक अबक' एवढंच आलं होतं. दाजींना सांगितलं, तर म्हणाले, असू दे, नेटवर्कमुळे होतं."

दाजी म्हणजे भाचीचा होणारा नवरा. साखरपुडा झालेला, लग्न या आजारपणामुळे लांबलेलं. तो त्याच कंपनीत कामाला होता, म्हणूनच तर ते अ‍ॅप घरात आलं होतं. भाच्याचा आधीचा फोन फुटला तेव्हा हा फोनही त्यानेच भेट दिला होता.

"फार करतात माझं," भाचा म्हणाला. "रोज फळं आणतात. आता तर नवा फोन घेऊन देतो म्हणतात, हा जुना दे. पण यात आईचे ऑपरेशनच्या आधीचे फोटो आहेत. मी म्हटलं, राहू दे."

मी बटण, कागदाचे तुकडे, टाटा, सगळं मनात नोंदवलं. खोटं बोलणारा माणूस सहसा मुद्द्याचं तेवढं रचतो. हे पोरगं 'टाटा'सारखा बाष्कळ शब्द कुठून आणेल, हे मला कळेना. पहिल्यांदाच माझ्या संशयाला तडा गेला.

निघताना तो म्हणाला, "मावशी, बहिणीची किडनी नकोच मला. फक्त मी खोटं बोललो नाही, एवढं आईला पटवून दे."

३

कंपनीचं ऑफिस चकचकीत काचेचं. बसायला खुर्च्या सोडून सगळं होतं, फुगीर गाद्या, झोपाळे, कोपऱ्यात एक घसरगुंडीसुद्धा. मालक पस्तिशीचा, बुटात मोजे नाहीत, बोलण्यात उसंत नाही. माझ्यासारख्या बाईला आत घेतलं, कारण पेपरात बोंब व्हायला नको होती. आणि रेकॉर्ड स्वच्छ असल्याची त्याला खात्रीही होती.

"आमचं दुखणं समजून घ्या, मॅडम," तो म्हणाला. "लोक अ‍ॅप घेतात, चार दिवस वापरतात, विसरतात. त्यांना गुंतवून ठेवायला हवं. म्हणून अ‍ॅपमधले संदेश. गोळी वेळेवर घेतली की शाब्बासकी. पाणी प्यायलात का, अशी विचारपूस. माणसाला वाटलं पाहिजे, कोणीतरी आपल्याकडे बघतंय."

"आणि आजारी माणसाला घसरगुंडीवर बसवल्यासारखं वाटलं पाहिजे."

तो हसला नाही. होणाऱ्या जावयाला हाक मारली. तो लगबगीने आला, मला वाकून नमस्कार केला. चेहरा ओढलेला होता. घरात दुखणं आहे, ओढलेला असायचाच.

"मावशी, मी समजावतो," तो म्हणाला. "फोन खिशात असताना टुण्ण वाजतं, ती झाली सूचना. ती म्हणजे दारावरची टकटक. अ‍ॅपमधला संदेश वेगळा. पाहुणा घरात आल्यावर त्याच्याशी बोलावं तसा. अ‍ॅप उघडलं तरच दिसतो. नाही उघडलं तर नाही."

"आणि कोणाला कुठला दाखवायचा, ते कोण ठरवतं?"

"लिहिते शब्दवाली. सगळे तिला तसंच म्हणतात. मग संदेश नीट दिसतो का, ते मी तपासतो. औषधाबद्दल काही असलं तर सल्लागार डॉक्टरीणबाई पास करतात. मग मालक सोडतात."

मालकाने पडदा माझ्याकडे वळवला. भाच्याच्या खात्यावर गेलेला प्रत्येक संदेश तिथे होता. पाणी प्या, शाब्बास, चालून या. कोर्स पूर्ण झाल्याचा नव्हता. मग त्याने त्या महिन्यात सगळ्या लोकांना गेलेले सगळे संदेश काढले. तिथेही नव्हता.

"पुसता येतं का यातलं?"

"नाही. सरकारी नियम आहे. मलासुद्धा येत नाही." त्याने हात पसरले. "मॅडम, वाईट वाटतं. पण तुमचा भाचा तरुण आहे. गोळ्यांचा कंटाळा येतो या वयात. मग काहीतरी कारण सांगावं लागतं."

मी जावयाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. आपल्या होणाऱ्या मेव्हण्याला समोरचा माणूस खोटारडा म्हणतोय, आणि हा मूग गिळून उभा. मला राग आला. मग वाटलं, नोकरी आहे बिचाऱ्याची.

४

शब्दवाली पंचविशीची, खुर्चीत मांडी घालून बसलेली, पेन्सिल केसात खोचलेली. मी तिला भाच्याचा संदेश शब्दाला शब्द म्हणून दाखवला.

'टाटा' म्हणताच तिचा रंग उडाला.

"हे माझं आहे," ती पुटपुटली. "पण हे गेलंच नाही, बाई! शपथ. सात दिवसांच्या औषधाचे जे लोक असतात ना, सर्दी-तापवाले, त्यांच्यासाठी लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फाडून खाल्लं मला. म्हणाल्या, हे चुकून जन्मभराच्या औषधवाल्याने वाचलं तर तुझ्या डोक्यावर खून. तिथल्या तिथे रद्द झालं. बाहेरच्या कोणी हे वाचणं शक्यच नाही."

"माझ्या भाच्याने वाचलंय. कागदाच्या तुकड्यांसकट."

"तुकडेसुद्धा?" तिने तोंडावर हात ठेवला.

हातात काहीतरी आल्यासारखं वाटलं मला. ऑफिसाबाहेर कोणालाही ठाऊक नसलेली वाक्यं पोराच्या तोंडी होती. मी तिला तशीच उठवून मालकाकडे नेलं. त्याने ऐकून घेतलं, आणि असं काही बोलला की माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"मॅडम, तुमच्या घरचा माणूस माझ्याकडेच कामाला आहे. त्याला हे वाक्य माहीत होतं. त्याने पोराला पढवलं नसेल कशावरून? मी समितीला हेच लिहीन."

भाची खाली वाट बघत होती. तिला सांगितलं, तेव्हा ती पायरीवरच बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला मोडलेली पाहिली.

"म्हणजे आम्ही सगळे मिळून खोटारडे," ती म्हणाली. "मावशी, मी डॉक्टरांच्या पाया पडले. माझी घ्या म्हणून भीक मागितली. तो म्हणतोय मला नको, आई बोलत नाही, आणि हा… हा म्हणतो, तू या भानगडीत पडू नकोस, होईल सगळं ठीक. काय ठीक होणार आहे? तो मरणार आहे, मावशी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला धीर देता येत नाही, कधीच आला नाही. मी तिला तिथेच बसवलं आणि पुन्हा वर गेले. माझ्या डोक्यात 'अबक' घोळत होतं.

५

"शब्दवाले," मी म्हणाले, "कोणाला नुसतंच 'अबक अबक' असं कधी पाठवलंयस का?"

तिला हसू आलं. "ते माझं नेहमीचं. चौकोनात अक्षरं मावतात का, ते बघायला. पण ते लोकांना नाही जात. ते फक्त खणातल्या फोनांना."

"कुठला खण?"

तिने मला जावयाच्या टेबलापाशी नेलं. तो जेवायला गेला होता. खालचा मोठा खण तिने ओढला. आत फोनच फोन, स्वस्त, महाग, तडकलेले, जुनाट. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर नाव. 'खडूस', 'ढब्बू', 'गोगलगाय'. प्रत्येकाची चार्जिंगची वायर वेगळी, वायरलाही तीच चिठ्ठी.

"चाचणीचे फोन," ती म्हणाली. "लोकांकडे नाना तऱ्हेचे फोन असतात. सगळ्यांवर नीट दिसतं का, ते आधी यांच्यावर बघायचं."

"म्हणजे डॉक्टरीणबाईंनी रद्द करण्याआधीच तुझा टाटा या फोनांवर गेला होता?"

"हो. आधी चाचणी, मग मंजुरी, अशीच पद्धत आहे. वर 'चाचणी' असं लिहितो आम्ही, पण मालकांना लोकांना दिसेल तसाच बघायचा होता, म्हणून तेव्हा काढलं होतं."

"मग मालक तर म्हणाले, कुठेच पाठवला नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मी अडाणी असल्यासारखं. "चाचणी म्हणजे पाठवणं नाही ना, बाई. ती त्या रेकॉर्डमध्ये येतच नाही. तिचं वेगळं पान असतं, ते कोणी उघडतसुद्धा नाही."

इतक्या हुशार माणसांनी भरलेलं ऑफिस, आणि त्यातला एकही जण खोटं बोलत नव्हता. फोन खणात असतात, म्हणून ते फोन नव्हेत. त्यांना दाखवलेलं, म्हणून ते पाठवलेलं नव्हे. इतकं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

मी वायरी उचलून बघायला लागले. एका वायरीवर चिठ्ठी होती 'म्हातारी'. तिच्या टोकाला फोन नव्हता.

"म्हातारी कुठे गेली?"

"ती बाद झाली. जुनी, जाड होती, काळी. हे टेबल ज्यांचं, त्यांनीच यादीतून काढली." शब्दवालीने यादी उघडली. काढल्याची तारीख बघून मी भाचीला फोन लावला. भाचा दवाखान्यात दाखल झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हातारी यादीतून गेली होती.

"टाटाच्या चाचणीचं ते वेगळं पान उघड," मी म्हणाले.

तिने उघडलं. ओळीने फोनांची नावं आणि क्रमांक. खडूस, पाहिला, फुलीने बंद. ढब्बू, पाहिला, फुलीने बंद. गोगलगाय, तसंच. सगळे एका शुक्रवारी, ऑफिसच्या वेळात.

"आम्ही कोणी बटण दाबत बसत नाही," ती म्हणाली. "दिसलं की फुली. हाताला सवयच…"

ती थांबली. शेवटची ओळ म्हातारीची होती. त्याच्या नंतरचा रविवार, संध्याकाळ. पाहिला. बटण दाबलं, 'आनंद झाला!'

"रविवारी तर ऑफिसला कुलूप असतं," शब्दवाली म्हणाली, आणि रडायला लागली.

माझ्याही डोळ्यांपुढचं धूसर झालं. त्या पानावर सगळे कामाचे लोक होते. खरोखर आनंद झालेला माणूस एकच होता.

६

जावई परत आला तेव्हा मी त्याच्या खुर्चीत बसले होते आणि भाची माझ्या मागे उभी होती. भाच्याचा फोन तिने दवाखान्यातून आणला होता. टेबलावर तो फोन, आणि शेजारी म्हातारीची वायर. फोनमधला क्रमांक आणि त्या पानावरचा क्रमांक आम्ही ताडून पाहिला होता. एकच होता.

त्याने टेबलाकडे पाहिलं आणि दार धरून उभा राहिला.

"मी सांगते, तू फक्त चुकलं तिथे टोक," मी म्हणाले. "याचा फोन फुटला. तुला सासरी बरं दिसायचं होतं. खणात फोन पडून होते, त्यातला एक उचललास, चिठ्ठी खरवडलीस, आणि भेट म्हणून दिलास. चाचणीच्या यादीतून तो काढायला विसरलास. म्हणून शब्दवालीचं 'अबक' तुझ्या मेव्हण्याला दिसायचं. त्याने तुला विचारलं, तेव्हाही तुझी ट्यूब पेटली नाही. मग शुक्रवारी टाटाची चाचणी झाली. खणातल्या फोनांनी त्याच दिवशी पाहिली. याने अ‍ॅप उघडलं रविवारी."

त्याने मागचं दार लोटून घेतलं.

"इथपर्यंत चूक झाली. माणसाच्या हातून होते. पण हा दवाखान्यात पडल्यावर तुला कळलं. दुसऱ्या दिवशी तू म्हातारीला यादीतून काढलंस, आणि नवा फोन देतो, हा दे, म्हणून त्याच्या मागे लागलास. ही चूक नाही."

"ऑफिसचा फोन होता," तो कसाबसा म्हणाला. "न विचारता घेतलेला. मालकांनी चोर ठरवलं असतं. मला वाटलं, डॉक्टर आहेत, किडनी सावरेल. सावरली की मग सांगायची वेळच येणार नाही. रोज वाटायचं, उद्या रिपोर्ट चांगला येईल. मग इतका उशीर झाला की… मावशी, मी त्याचं वाईट नव्हतं चिंतलं."

"डॉक्टर त्याला खोटारडा म्हणाले, तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास," भाची म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "माझा हात हातात घेऊन. मी देते म्हटलं, तेव्हा घेत नाहीत म्हणून मी रडत होते, आणि तू मला पाणी आणून दिलंस. तुझ्या एका वाक्याने ते घेणार होते."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "चल."

"आत्ता?"

"आत्ता. डॉक्टर आहेत अजून. लिहून नको देऊस, तुझ्या तोंडाने सांग."

मालक मधे पडायला आला. कंपनीचं नाव, वकील, असलं काहीबाही. मी त्याला चाचणीचं पान दाखवलं आणि म्हटलं, डॉक्टरांना पहिलं पत्र लिहिलंत तसंच आता समितीला दुसरं लिहा, नाहीतर पेपरवाल्यांना मी लिहीन. विम्यातली सगळी वर्षं मी लोकांचे पैसे अडवण्यात घालवली. कोणाचं तरी काही मिळवून द्यायला पहिल्यांदाच आवाज चढवला, आणि चांगला चढला. त्याने पत्र दिलं.

७

दवाखान्यात जावयाने डॉक्टरांना सगळं सांगितलं. मान खाली, पण सगळं. मग भाची त्याला भाच्याच्या पलंगापाशी घेऊन गेली. तिथे बोलायला त्याला फार वेळ लागला. भाच्याने मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे दाजी," शेवटी त्याने विचारलं, "तो संदेश माझ्यासाठी नव्हताच?"

"नव्हता."

भाचा छताकडे बघत राहिला. चिडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी इतक्या वर्षांत माणसांना घर, गोदाम, हातपाय गमावताना पाहिलं, पण त्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. ताई उठली आणि कित्येक दिवसांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"तू खोटं बोलला नव्हतास," ती म्हणाली.

"नाही, आई."

"मला आधीच विचारायचं होतं रे. धीर होत नव्हता."

जावई कधी निघून गेला, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. साखरपुड्याचं पुढे काय, हे मी भाचीला विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

शुक्रवारी समिती बसली. आम्ही तिघी त्याच लोखंडी बाकावर. भाचीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, आणि या वेळी त्यांनी खुर्ची मागवून आमच्यासमोर बसून सांगितलं. समितीने मान्य केलं होतं. रुग्णाने औषध जाणूनबुजून सोडलं नाही, असं कागदावर लिहिलं होतं. बहिणीची किडनी घेणार होते. सोमवारी तिला दाखल व्हायचं होतं. यश येईलच असं नाही, त्याचं शरीर आता फार थकलंय, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

ते गेले. मी भाचीकडे वळले. वाटलं, आता ही उडी मारेल. इतके दिवस या एका होकारासाठी तिने जिवाचं रान केलं होतं.

ती पांढरीफटक पडली होती. हात मांड्यांखालून निघत नव्हते.

"मावशी," ती म्हणाली, "मला भीती वाटायला लागली गं. नाही म्हणत होते तोवर काही वाटत नव्हतं. आता खरंच कापतील मला."

ताई सरकून तिच्या जवळ बसली. आपल्या कमरेच्या बाजूला, जिथे तो लांबलचक व्रण होता, तिथे तिने लेकीचा हात ओढून ठेवला.

"मलाही वाटली होती," ती म्हणाली. "आदल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले होते. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही."

भाची तिच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली. ताईने तिला रडू दिलं, आणि मला खुणेने पाणी आणायला सांगितलं.